सोनेगावला उतरताना : थोडी पॉवर ठेवून की थ्रॉटल पूर्ण ओढून?

सेसना 152 हे छोटं दोन आसनी विमान घेऊन नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर परतताना उंची दोन प्रकारे सोडता येते. एक, इंजिनाचे 1900-2000 आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवून 90 नॉटने, मिनिटाला 500 फूट. दुसरी, थ्रॉटल (पॉवर कमीजास्त करणारा नॉब) पूर्ण मागे ओढून 60 नॉटच्या ग्लाइडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जोराशिवाय तरंगत. दोन्ही रीतसर आहेत आणि दोन्हींचे कट्टर समर्थक भेटतात.

धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण 1000 फुटांवर आहे, म्हणजे सर्किट (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायचा फेरा) 2000 वर. 4500 वरून यायचं तर 2500 फूट सोडायचे. पॉवर ठेवली तर पाच मिनिटं आणि साडेसात सागरी मैल. पाठीमागून वारा असेल तर नऊ धरा. ग्लाइडमध्ये हजार फुटांना दीड मैल, म्हणजे पावणेचार मैलांत काम होतं. त्याआधी टॉवरने दिलेला क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) मात्र आल्टिमीटरवर, म्हणजे उंचीच्या मापकावर, लावलेला हवा. उन्हाळ्यात तो 1002 असताना त्याच्या सबस्केलवर (दाबाच्या पट्टीवर) 1013 राहिला, तर आल्टिमीटर तीनशे फूट जास्त दाखवतो आणि सर्किट जमिनीपासून 700 फुटांवरच उडवलं जातं.

ग्लाइडची बाजू कमकुवत नाही. उंची शेवटपर्यंत हातात राहते. पेंचकडून येताना खाली उतरायला शेत नसतं, तिथे हे फार मोलाचं. शिवाय पॉवर ठेवणाऱ्यांची एक नेहमीची चूक त्यात होत नाही : थ्रॉटल कमी न करता नुसतं नाक खाली घातलं की वेगमापकाचा काटा 111 नॉट ओलांडून पिवळ्या, म्हणजे फक्त शांत हवेसाठीच्या, पट्ट्यात जातो, आणि मे महिन्यातल्या दुपारच्या उसळत्या हवेत तिथे काही काम नसतं. आधी थ्रॉटल, मग नाक, मग ट्रिम (दांड्यावरचा जोर काढणारं चाक), हा क्रम पाळला की तो प्रश्न मिटतो.

माझं पारडं पॉवरकडे झुकतं ते कार्ब्युरेटरमधल्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातल्या) बर्फामुळे. ‘नागपुरात कसला बर्फ?’ असं वाटतं खरं. पण त्याच्या व्हेंच्युरीत (अरुंद गळ्यात) हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीसेक अंशांनी किंवा त्याहूनही जास्त घसरतं. जुलैतल्या 25 अंशांच्या ओल्या हवेला तेवढं पुरतं. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असली की तिच्या कडेला बर्फ धरायला आयती जागा मिळते.

एरवी आरपीएम घसरून इशारा मिळतो. ग्लाइडमध्ये पंखा वाऱ्यानेच फिरत असतो, त्यामुळे आरपीएमचा काटा काहीच सांगत नाही. फायनलवर (धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) कमी पडलो म्हणून थ्रॉटल पुढे केला की मग कळतं, आणि तेव्हा उंची उरलेली नसते. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढलेली असली तरी ती गरम हवा एक्झॉस्टभोवतूनच येते; आयडलवर एक्झॉस्टही निवत जातो. म्हणून दर 500 फुटांना थ्रॉटल उघडून इंजिन गरम करावं लागतं आणि प्रत्येक वेळी जुळवलेला ग्लाइड मोडतो. ही कटकट मला तरी नकोशी वाटते.

पॉवर ठेवली तर दमट दिवशीही पूर्ण कार्ब हीट घ्यायची, अर्धवट नको. साचलेला बर्फ वितळताना इंजिन काही सेकंद खडखडतं, कारण पाणी आत ओढलं जातं. घाबरून नॉब परत आत ढकलण्याची चूक तिथेच होते. खाली येताना मिक्स्चर रिच करत, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवत, राहायचं. 90 नॉट असले की मागून येणाऱ्या जेटसाठी टॉवरला आपल्याला ऑर्बिट (जागच्या जागी गोल फेरा) द्यायची वेळही कमी येते. सोबतच्या प्रवाशाचे कान दुखत नाहीत, हा वरचा फायदा.

पेंचवरून येत असाल तर जंगल मागे पडेपर्यंत उंची सोडू नका, मग उतरायला लागा. फोर्स्ड लँडिंगच्या (इंजिन बंद पडल्यावर उतरण्याच्या) सरावासाठी ग्लाइड लागतोच. तिथेही कार्ब हीट थ्रॉटल ओढण्याआधी, इंजिनात अजून धग असताना.