रिकामी पिशवी परत मागणाऱ्यापासून सावध राहा

सोलापुरात किंवा आसपास ज्यांच्या घरी आजारी मांजर आहे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं खास खाणं जे कुणा ओळखीच्या माणसाकडून घरपोच मागवतात, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. पैसे गेले त्याचं मला फार काही नाही. किडनीच्या आजाराच्या नावावर आमच्या म्हाताऱ्या मांजरीला कित्येक आठवडे भलतंच काहीतरी खायला घातलं गेलं, त्याचा संताप अजून उतरलेला नाही. ते खाणं विकणारा हाच माणूस, किंवा याच पद्धतीने धंदा करणारा दुसरा कुणी, उद्या तुमच्या दारात उभा राहू शकतो.

आमच्या घरी चार मांजरं आहेत. माई तेरा वर्षांची, तिच्या किडन्या आता थकल्यात. बंड्या न्यूटर केलेला बोका, त्याला मागे लघवीत खडे झाले होते. आणि गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेली दोन पिल्लं, पिंट्या आणि चिमी. म्हणजे एका घरात तीन प्रकारचं खाणं, आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही. हे न चालणं किती खरं आहे ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना नखरे वाटतात, म्हणून सांगते. किडनीच्या खाण्यात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, प्रोटीन मोजकं पण चांगल्या प्रतीचं असतं. थकलेल्या किडनीला जादा फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठतो आणि किडनी आणखी लवकर खराब होत जाते. बंड्याला झालेले खडे स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट मिळून बनणारे. लघवी थोडी आम्लधर्मी राहिली तर ते विरघळतात, म्हणून त्याचं खाणं तसंच बनवलेलं असतं; काही कंपन्या त्यात मीठही वाढवतात, की मांजराने पाणी जास्त प्यावं. माईच्या अंगात आम्ल आधीच साठायला लागलेलं असतं, तिला बंड्याचं खाणं म्हणजे दुखण्यावर दुखणं. पिल्लांना हाडं-मांस धरायला प्रोटीन, कॅल्शियम, फॉस्फरस सगळं भरपूर लागतं, माईच्या खाण्यावर ती वाढणारच नाहीत. आणि पिल्लांचं खाणं बंड्याने खाल्लं तर वजन वाढतं, खनिजं जास्त जातात, खडे परत येण्याची भीती.

त्यामुळे आमच्याकडे भरलेली वाटी दिवसभर जमिनीवर ठेवणं बंद आहे. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी खाणं. माई स्वयंपाकघरात, दार लावून. बंड्या मागच्या खोलीत. पिल्लांसाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला त्यांच्याच मापाचं भोक पाडलंय, बंड्याचे खांदे त्यातून आत जात नाहीत. अर्ध्या तासाने सगळ्या वाट्या उचलायच्या आणि माईची उरलेली वाटी काट्यावर ठेवायची. सासूबाईंनी हे सगळं माझ्यापेक्षा काटेकोर सांभाळलंय. तिन्ही पिशव्या लांबून सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येक पिशवीच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात मी काळ्या मार्करने अक्षर लिहिते: ‘मा’, ‘बं’, ‘पि’. हे लक्षात ठेवा, पुढे त्याच अक्षराने विकणाऱ्याची लबाडी उघडी पडली.

किडनीचं खाणं सोलापुरात हवं तेव्हा मिळत नाही. कधी डॉक्टरांकडे असतं, कधी संपलेलं असतं, मग पुण्याहून मागवायचं आणि वाट बघायची. दिवाळीच्या सुमारास मांजरं पाळणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडून या मुलाचा नंबर मिळाला. बोलायला अतिशय नम्र. ‘ताई, तुम्ही फक्त फोटो पाठवा, दोन दिवसांत घरी आणून देतो.’ छापील किमतीपेक्षा साडेचारशे रुपये कमी. दुकान नाही, बिल नाही, पैसे यूपीआयवर. पहिली पिशवी आणली ती अगदी खरी होती, याबद्दल मला आजही शंका नाही. ती संपली तेव्हा तो म्हणाला, ‘रिकामी पिशवी ठेवून द्या हं ताई, कंपनीची रिसायकलची स्कीम आहे, पुढच्या पिशवीत पन्नास रुपये कमी करतो.’ पिशवी फाडू नका, वरून कात्रीने सरळ कापा, असंही सांगायचा. प्लास्टिक कचऱ्यात जात नाही, कुणाच्या तरी कामाला येतं, यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा झाली, त्यानंतरच्या पिशवीपासून घरातलं चित्र बदललं. माईला किडनीचं खाणं कधीच मनापासून आवडलं नाही. कोमट पाण्याचा हबका मारून, दाणे जरा मऊ करून, शेजारी बसून ती खायची. नव्या पिशवीतले दाणे तिने कोरडेच कडाकडा फोडले आणि वाटी चाटून पुसून ठेवली. सासूबाईंना केवढा आनंद झाला. पण दाराबाहेर बंड्या आणि दोन्ही पिल्लं फटीला नाकं लावून ओरडत बसली. याआधी माईच्या वाटीकडे यांनी ढुंकून बघितलं नव्हतं. मी त्या मुलाला फोन केला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं: ‘कंपनीने चव सुधारलीय ताई, नवीन माल असाच येतोय.’

हळूहळू माई पाण्याच्या भांड्याशी जास्त दिसायला लागली. लिटर बॉक्समधले ओले गोळे मोठे व्हायला लागले. उन्हाळा सुरू झाला होता, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तहान वाढली असं वाटणं साहजिक होतं. पण वजन उतरत होतं, आणि भरपूर खाऊन वजन उतरणं हे चांगलं लक्षण नाही. रक्त तपासलं. किडनी कितपत काम करते ते ज्यावरून कळतं ते क्रिएटिनिन आधी २.१ होतं, ते ३.४ वर गेलेलं, फॉस्फरसही वर. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला: ‘खाणं तेच चालू आहे ना? उद्या पिशवी घेऊन या.’

त्या पिशवीची तपासणी मी जशी पाहिली तशी सांगते, कारण तुम्हालाही घरी हेच करता येईल. डॉक्टरांकडे त्याच कंपनीची, तेच नाव असलेली एक सीलबंद पिशवी होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. खऱ्या पिशवीच्या वरच्या कडेला सीलची पट्टी होती, तिच्यावर बारीक समांतर रेघा, इकडून तिकडे एकसारख्या. फाडायला सुरुवात करायची छोटी खाच दोन्ही बाजूंना. आमच्या पिशवीची पट्टी सपाट, गुळगुळीत, एका टोकाला किंचित तिरकी, घरातली इस्त्री फिरवावी तशी. खाच नव्हतीच, कारण खाचेच्या खाली पिशवी आधीच कापली गेली होती. उभी केली तर ती खऱ्या पिशवीपेक्षा बोटभर बुटकी. मग दाणे ताटलीत काढले. खऱ्या दाण्याचा आकार ठरलेला, सगळे दाणे एकसारखे. आमच्या पिशवीत दोन प्रकारचे दाणे मिसळलेले, बोटाला तेलकट लागणारे, आणि वास उग्र. डॉक्टर म्हणाले, सुटं मिळणारं साधं मांजरांचं खाणं दिसतंय, चव यावी म्हणून वरून तेलाचा हात दिलेला. माई ते आवडीने का खात होती, हे तिथेच कळलं.

मी पिशवी उलटी केली. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, मी या वेळी लिहिलेल्या अक्षराच्या शेजारी, एक जागा फिकट, तिथली छपाईची चमक गेलेली. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा तिथे पुसलेलं जुनं ‘मा’ दिसलं. माझंच अक्षर, काना जरा लांब ओढायची माझी सवय. स्पिरिटने पुसलं होतं, पण पुसणाऱ्याने अक्षराबरोबर छपाईही खरवडली होती. आमचीच रिकामी पिशवी धुऊन, भरून, इस्त्री फिरवून त्याने आम्हालाच विकली होती. फोनमध्ये मागच्या पिशवीचा फोटो होता, त्याला ऑर्डरसाठी पाठवलेला. बॅच नंबर तोच. ‘या तारखेपूर्वी वापरा’ची तारीखही तीच.

फोन केला तेव्हा आधी ‘माल वरूनच असा आला असेल’ म्हणाला. पिशवीवरचं अक्षर सांगितल्यावर ‘पैसे परत करतो, विषय वाढवू नका’. त्यानंतर नंबर बंद.

ज्या बाईंनी नंबर दिला होता त्यांना मी लगेच सांगितलं, त्यांनी आणखी काही जणांना. जुळे सोलापुरातल्या एका घरी तो लघवीच्या खड्यांचं खाणं देत होता. त्यांच्या बोक्याची लघवी तुंबली, रात्री धावपळ करून नळी घालावी लागली. बोक्याची लघवी अडली तर तो प्रकार तासांचा असतो, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्या घरी पिशवीचे दाणे बघितले तर तेच मिश्रण. एकच सुटा माल, फक्त पिशवीवरचं नाव वेगळं. ज्या घरात तीन मांजरांची तीन पथ्यं सांभाळण्यासाठी माणसं दारं बंद करतात, वाट्या मोजतात, तिथे हा माणूस सगळ्यांना एकच खाणं वेगवेगळ्या नावांनी विकत होता. लोकांच्या काळजीवरच त्याने धंदा मांडला होता.

माईला कातडीखाली सलाईन द्यावं लागलं, नंतर घरीही द्यायला शिकले. खरं खाणं परत सुरू केलं, पण एकदम नाही. चटकदार दाण्यांची सवय लागलेली, तिने वाटीला तोंडच लावलं नाही. मांजराला उपाशी ठेवून हट्ट मोडता येत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर चरबी चढते आणि ते नवीन संकट होतं. म्हणून साधं खाणं आणि किडनीचं खाणं मिसळून, रोज थोडं प्रमाण बदलत, पुन्हा कोमट पाण्याचा हबका मारून तिला वळवलं. फॉस्फरस आता खाली आलाय. क्रिएटिनिन पहिल्या आकड्यावर परत आलं नाही, आणि ते येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. किडनीचा गेलेला भाग परत येत नसतो.

मी पोलिसांत लेखी अर्ज दिलाय. खोटा माल खरा म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. पिशवीवर छापलेल्या कंपनीच्या ग्राहक सेवा नंबरवरही कळवलं, त्यांनी फोटो आणि दाण्यांचा नमुना मागितला. यूपीआयच्या नोंदी आणि त्याचे मेसेज जपून ठेवलेत. बिल नसलं तरी व्यवहार झाल्याचा तो पुरावा आहे. ग्राहक आयोगात जायचं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील हवाच असंही नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ‘मांजराच्या खाण्यासाठी कुठे तक्रार करणार’ असं म्हणून ज्या बायका गप्प बसल्या, त्यांच्याशी मी बोललेय.

पिशवी घरात आली की आधी वरची कड बघा, मग बॅच नंबर, महिना-वर्ष, छापील किंमत आणि आयात करणाऱ्याचा पत्ता. परदेशी मालावर महिना-वर्ष, छापील किंमत आणि आयात करणाऱ्याचा पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. दर पिशवीचा फोटो ठेवा आणि आधीच्या फोटोशी ताडून बघा. सगळ्या पिशव्यांवर सारखाच बॅच नंबर दिसत असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा. उघडलेल्या पिशवीतलं ‘अर्धा किलो देतो’ म्हणून कुणी दिलं तर ते पथ्याच्या मांजरासाठी घेऊ नका. आपल्या उन्हात उघड्या दाण्यांतलं तेल खवट होतं, ती गोष्ट वेगळीच. शक्यतो डॉक्टरांकडूनच किंवा बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. जे मांजर रोज नाक मुरडून खातं ते एखाद्या दिवशी ताव मारायला लागलं, आणि घरातली बाकीची मांजरंही त्या वाटीसाठी भांडायला लागली, तर चव सुधारली म्हणून सोडून देऊ नका, दाणे काढून बघा.

आणि रिकामी पिशवी कुणालाही अख्खी देऊ नका, भंगारवाल्यालाही नाही. वरपासून खालपर्यंत उभी कापा, बॅच नंबर आणि तारखेचा तुकडा वेगळा करून त्याचे बारीक तुकडे करा, आणि मगच घंटागाडीत टाका.