काउच टू फाइव्ह के : नवख्या धावणाऱ्याला आवर घालणारे वेळापत्रक

कधीच न धावलेल्या माणसाला सलग अर्धा तास धावता यावे, यासाठी ‘काउच टू फाइव्ह के’ (म्हणजे सोफ्यावरून उठून थेट पाच किलोमीटरपर्यंत) हे नऊ आठवड्यांचे वेळापत्रक जॉश क्लार्क यांनी १९९६ साली तयार केले. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने ते आपलेसे केले आणि आज ते अनेक ॲप्समधून व संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. पावसाळा सरल्यावर दादरच्या शिवाजी पार्कात, मोबाइलमधल्या साध्या इंटरव्हल टायमरच्या (धावण्या-चालण्याची ठरलेली वेळ संपली की शिट्टी वाजवणाऱ्या घड्याळाच्या) भरवशावर मी ते पूर्ण केले. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका ॲपचे नाही, तर मूळ वेळापत्रकाचे आहे.

आठवड्यातून तीन दिवस धावायचे आणि मध्ये किमान एक दिवस विश्रांती घ्यायची, हा त्याचा पाया आहे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे झपाझप चालल्यानंतर ६० सेकंद हळू धावायचे आणि ९० सेकंद चालायचे, असे एकूण वीस मिनिटे चालते. म्हणजे प्रत्यक्ष धावणे जेमतेम आठ मिनिटांचे. कागदावर हे फारच किरकोळ वाटते. पण ज्या माणसाला पुलाचा जिना चढताना धाप लागते, त्याला सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत त्या ६० सेकंदांचा पुरेपूर अर्थ कळतो. आणि तरीही पुढचे ९० सेकंद चालण्याची परवानगी हातात असल्यामुळे तो मैदान सोडून घरी जात नाही. माझ्या मते या वेळापत्रकाचे सगळे यश या परवानगीत आहे.

नवखा माणूस धावू लागतो तो बहुधा भीतीपोटी. रक्ततपासणीच्या अहवालात साखर सीमारेषेवर आलेली असते, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले असते, किंवा बरोबरीच्या एखाद्या मित्राला अचानक इस्पितळात दाखल करावे लागलेले असते. माझ्या बाबतीत कारण साखरेचे होते. भीतीने आलेला उत्साह पहिल्या पंधरवड्यात इतका जोरात असतो की माणसाला रोज धावावेसे वाटते, आणि नेमक्या त्याच वेळी हे वेळापत्रक त्याला घरी बसवते. त्यामागचे कारण पक्के आहे. दम वाढायला फार दिवस लागत नाहीत. पण नडगीचे हाड, घोट्यामागची शीर आणि गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध हा नवा भार पेलण्याइतके बळकट व्हायला त्याहून बराच अधिक काळ जावा लागतो. दम टिकतो म्हणून धावत सुटलेल्या अनेकांची नडगी तिसऱ्या आठवड्यात ठणकू लागते आणि धावणे तिथेच संपते. विश्रांतीचा दिवस हा आळसाचा दिवस नाही, हे नवख्याच्या मनावर ठसवण्यात हे वेळापत्रक अनेक महागड्या प्रशिक्षणांपेक्षा सरस आहे.

सर्वांत अवघड वळण पाचव्या आठवड्यात येते. त्यातल्या पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांच्या तीन धावा असतात, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांच्या दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटे. आदल्या रात्री हा आकडा पाहून पोटात गोळा येतो. त्या सकाळी मी कट्ट्याच्या कडेने इतक्या संथ धावत होते की झपाझप चालणारे एक आजोबा सहज माझ्या पुढे निघून गेले आणि जाता जाता म्हणाले, “असंच, घाई करू नकोस गं.” बारा मिनिटांनंतर श्वास आपोआप एका लयीत बसला, खांदे सैल झाले, आणि वीस मिनिटे पूर्ण झाल्याची शिट्टी वाजली तेव्हा बोलता येण्याइतका दम शिल्लक होता. पाचव्या आठवड्यातली ही उडी मुद्दाम घेतलेली आहे आणि ती योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. फक्त धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा, ही सूचना तिथे ठळकपणे असायला हवी होती.

माझी खरी तक्रार नावाविषयी आहे. शेवटच्या आठवड्यात ३० मिनिटे सलग धावायचे असते, आणि तेवढ्यात ५ किलोमीटर व्हायचे तर प्रत्येक किलोमीटर सहा मिनिटांत संपवावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्या, वजन थोडे जास्त असलेल्या नवख्या माणसाला किलोमीटरला आठ मिनिटे लागणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्या वेगाने अर्ध्या तासात पावणेचार किलोमीटरच होतात. नवव्या आठवड्यात मोबाइलवर ३.७५ हा आकडा पाहून स्वतःला नापास ठरवणारी माणसे मी पार्कात पाहिली आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांनी अर्धा तास न थांबता धावून दाखवलेले असते. शरीराला जे कमवायचे होते, ते त्यांनी कमवलेले असते. अंतर विसरून मिनिटेच मोजावीत, असे मी प्रत्येक नवख्याला आवर्जून सांगते.

आपल्याकडच्या हवेचा विचार या वेळापत्रकात नाही आणि तो असण्याची अपेक्षाही नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही आणि तोच वेग अधिक कष्टाचा वाटतो. म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरुवात करणाऱ्याने एखादा आठवडा पुन्हा करावा लागला तर खंत बाळगू नये. शिवाजी पार्कात हिवाळ्यात तांबडी धूळ उडते, आणि सकाळी सातनंतर कट्ट्याच्या वाटेवर चौघे-चौघे हातात हात घालून चालत असल्याने धावायला जागा उरत नाही. बायकांसाठी आणखी एक अडचण आहे. सकाळचा डबा, पोळ्या आणि मुलांची शाळा यांतून पाऊण तास काढायचा म्हणजे घरातल्या कुणीतरी गॅसपाशी उभे राहायला हवे. आमच्याकडे ती तीन दिवसांची जबाबदारी सासूबाईंनी घेतली, म्हणून माझे नऊ आठवडे पार पडले.

दहाव्या आठवड्यात मात्र हे वेळापत्रक तुमचा हात सोडते, ही त्याची मोठी उणीव आहे. पुढची पायरी समोर नसली की एक दिवस चुकतो, मग आठवडा चुकतो. अशा वेळी एखाद्या गटात सामील होणे किंवा समोर एखादी तारीख ठेवणे उपयोगी पडते. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमधली ‘ड्रीम रन’ नवख्यांना झेपणारी आहे. ती सुमारे सहा किलोमीटरची असते, तिच्यात वेळेची स्पर्धा नसते आणि चालण्यालाही मुभा असते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे वेळापत्रक सुरू केले, तर एखादा आठवडा पुन्हा करण्याची सवड ठेवूनही त्या रविवारपर्यंत ते पूर्ण होते. नोंदणी मात्र त्याच्या बरीच आधी करून ठेवावी लागते, आणि रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असणाऱ्यांनी पहिल्या ६० सेकंदांपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.