कॉलरबोन मोडलं: झोळी की प्लेट?

सायकलवरून पडलं की खांदा आपटतो आणि बहुतेकदा मोडतं ते कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालून खांद्यापर्यंत जाणारं हाड, तेही मधोमध.

तुकडे जागेवर असतील तर झोळीच बरी. साधारण ४ ते ६ आठवडे हात गळ्यात, सोबत फिजिओथेरपी. भूल नाही, टाके नाहीत. जुळल्यावर हाडावर गाठ राहते, पण सदऱ्याखाली कोण बघतंय? खरा छळ झोपेचा. सुरुवातीला उशांना टेकून अर्धवट बसूनच रात्र काढावी लागते.

हाडं एकमेकांवर चढली असतील तर मात्र झोळीत ती न जुळण्याचा धोका वाढतो. ऑपरेशन करून हाडावर धातूची प्लेट बसवली की तो बराच कमी होतो, हातही लवकर मोकळा होतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने मार्च २००९मध्ये प्लेट बसवून घेतली आणि मे महिन्यात तो ‘जिरो दी इतालिया’ या इटलीतल्या सायकल शर्यतीत उतरला. (त्याच्या दिमतीला अख्खा संघ होता, हे विसरू नका.) प्लेटवर सॅकचा पट्टा घासतो, छेदाखालची त्वचा बधिर राहू शकते आणि काहींना प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

हाड नीट जुळलं तर वर्षभराने दोन्ही उपायांनंतर खांदे जवळपास सारखेच चालतात. म्हणून घाई नसेल तर माझं मत झोळीला. हाडाच्या टोकाने त्वचा ताणली असेल किंवा हात बधिर पडत असेल, तर निवड करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.