आरझेडआर एक्सपी १०००चा ड्राइव्ह बेल्ट: कंपनीचा घ्यावा की गेट्सचा?

पोलारिसच्या आरझेडआर एक्सपी १००० या खडक-वाळू-चिखलात चालवायच्या चारचाकीसाठी ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा पट्टा, शोधायला लागलं की दोन नावं हमखास समोर येतात: कंपनीचा मूळ बेल्ट आणि गेट्सचा जी-फोर्स सी१२. गाडी मूळ स्थितीत असेल आणि टायर कंपनीच्याच मापाचे असतील, तर कंपनीचा घ्या. टायर मोठे केले असतील किंवा वाळूत लांब चढ मारत असाल, तर गेट्सचा विचार करा. पण ‘थोड्याच दिवसांत दुसरा बेल्ट तुटला, आता कुठला घेऊ?’ असा प्रश्न असेल, तर आधी कुठलाच घेऊ नका. जुना बेल्ट बाहेर काढून उजेडात नीट बघा.

अ‍ॅक्टिव्हाचा बेल्ट बदलणाऱ्या मेकॅनिकला ही रचना ओळखीची वाटते आणि नेमकी तिथेच गफलत होते. स्कूटरमध्ये मागच्या पुलीवर वेगळा सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. या गाडीत तसा वेगळा क्लच नाही. इंजिन आयडलवर असताना पुढच्या पुलीच्या, म्हणजे प्रायमरी क्लचच्या दोन तबकड्या बेल्टला सोडून असतात. आरपीएम वाढले की आतली वेट्स बाहेर फेकली जातात आणि तबकड्या बेल्टला दाबून धरतात. म्हणजे गाडी जागेवरून हलते त्या क्षणी क्लच प्लेटचं काम बेल्टच करतो. हाय गियरमध्ये मुंगीच्या पावलाने खडक चढवला, तर बेल्ट धड पकडतही नाही आणि सुटतही नाही, घसरत घसरत तापतो. सरासरी वेग ताशी ११ किलोमीटरच्या खाली असेल तर लो गियर वापरा, असं पोलारिसचं मालक-पुस्तकच सांगतं. ट्रेलरवर चढवताना, ओझं ओढताना, चिखलातून निघतानाही लोच.

आता जुना बेल्ट. एकाच जागी तो अरुंद झाला असेल, जळाल्यासारखा खड्डा पडला असेल, तर चाकं अडकलेली असताना कुणीतरी थ्रॉटल दाबून धरला होता: प्रायमरी फिरत होती आणि बेल्ट जागेवर उभा होता. ही चालवण्याची चूक आहे, कुठल्याही ब्रँडचा बेल्ट त्यात वाचणार नाही. दोन्ही कडा गुळगुळीत, काचेसारख्या चमकत असतील तर बेल्ट सतत घसरत होता. कारण बहुधा उष्णता, नाहीतर पुलीवर आलेलं तेल किंवा ग्रीस. एकाच बाजूच्या दोऱ्या सुटल्या असतील, किंवा बेल्ट आतल्या आत उलटा झाला असेल, तर दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का आणि इंजिनाचे माउंट शाबूत आहेत का ते तपासा. दात मुळापासून उडाले असतील तर थ्रॉटल न सोडता उडी मारून गाडी खाली आदळल्याचा संशय घ्यावा. आणि बेल्टचा नुसता चुरा झाला असेल तर हवा येण्या-जाण्याचा मार्ग तपासा. क्लचच्या कप्प्याला थंड हवा आत घेणारी एक आणि गरम हवा बाहेर टाकणारी दुसरी नळी असते. कोकणातल्या लाल चिखलात किंवा किनाऱ्यावरच्या वाळूत त्या बुजायला वेळ लागत नाही.

बेल्ट फुटल्यावर नुसता नवा बसवून निघणं सगळ्यात महाग पडतं. तुटलेल्या दोऱ्या शाफ्टभोवती, तबकडीच्या मागे गुंडाळल्या जातात आणि ऑइल सील कापतात. मग तेल झिरपून पुलीवर येतं, नवा बेल्ट घसरतो आणि दोष बेल्टच्या कंपनीला लागतो. म्हणून कव्हर उघडल्यावर चिमट्याने एकेक दोरा काढा, बाहेर जाणाऱ्या नळीत अडकलेले रबराचे तुकडेही काढा. तबकड्यांवर वितळलेल्या रबराचे काळे पट्टे असतील तर भांडी घासायच्या हिरव्या घासणीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खरखरीत सँडपेपर नको. डब्ल्यूडी-४० किंवा ग्रीस तर अजिबात नको, हे क्लच कोरडेच चालतात. तबकडीवर सरळ पट्टी आडवी धरा. खाली उजेड दिसेल तिथे खाच पडली आहे, आणि त्या खाचेत कुठलाही बेल्ट अडखळणारच.

गाडी निघताना हिसका देते, की आरपीएम वाढूनही उचलत नाही? हिसका असेल तर प्रायमरीतले रोलर सपाट झालेत का, वेट्सच्या पिना ढिल्या झाल्यात का, बटणं, म्हणजे आतले छोटे सरकते तुकडे, झिजलीत का ते बघा. पिकअप गेला असेल तर झिजून अरुंद झालेला बेल्ट किंवा थकलेली स्प्रिंग. बेल्ट मागच्या पुलीत, म्हणजे सेकंडरी क्लचमध्ये, खोल बसलेला दिसला की सुरुवातीचा जोर जातो. उलट तो फार घट्ट असेल तर आयडललाच गाडी पुढे सरकू पाहते आणि गियर खटकन पडतात. प्रायमरी उतरवायला त्याच मापाचा पुलर लागतो. हातोडी आणि पहार घेऊन येणाऱ्या गॅरेजला गाडी देऊ नका.

एवढं निस्तरल्यावर ब्रँडला अर्थ येतो. कंपनीच्या बेल्टची खरी जमेची बाजू म्हणजे बसणी. क्लचची मूळ जुळणी त्याच रुंदीवर केलेली असल्यामुळे गाडी कुठल्या आरपीएमला उचलेल ते बदलत नाही. गेट्सच्या सी१२मध्ये कार्बनच्या दोऱ्या आहेत, त्या ताणाखाली फारशा लांबत नाहीत. ओझं आणि वेग दोन्ही जास्त असतील तिथे त्याचा उपयोग. मात्र बसवल्यावर तो सेकंडरीच्या कडेला किती वर बसतो ते बघाच, आणि गरज पडली तर क्लचची जुळणी करून घ्या. हे टाळणाऱ्याने कंपनीचाच घ्यावा. फक्त ‘कार्बन’ हा शब्द वाचून जादा पैसे मोजू नयेत. कुठलाही घेतलात तरी मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट नंबर जुळवा. ‘१०००ला चालतो’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

बसवणं अवघड नाही. इंजिन थंड झाल्यावर कव्हर काढा, सेकंडरीच्या बाहेरच्या तबकडीतल्या आट्याच्या भोकात गाडीसोबतचं टूल फिरवा. तबकड्या उघडतात आणि बेल्ट कडेवरून सरकतो. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, कडेला लागलेला एक ओरखडाही बेल्ट कापत राहतो. नवा बेल्ट चढवताना अक्षरं बाहेरून सरळ वाचता आली पाहिजेत. टूल काढून न्यूट्रलमध्ये सेकंडरी हाताने फिरवत राहा, बेल्ट कडेपर्यंत वर येऊ द्या. चढवण्याआधी व्हर्नियरने रुंदी मोजून कव्हरच्या आत मार्करने लिहून ठेवली, तर पुढे झीज अंदाजाने ठरवावी लागत नाही.

पहिले ८० किलोमीटर हळू. फुल थ्रॉटल नाही, ओझं नाही, लांब चढ नाही. याच काळात बेल्टच्या कडा तबकड्यांशी जुळतात. ओढ्यात पाणी आत गेलं आणि बेल्ट घसरू लागला, तर कव्हरला ड्रेन प्लग असल्यास तो उघडून पाणी काढा, न्यूट्रलमध्ये आरपीएम थोडे वर-खाली करून बेल्ट वाळवा आणि मग लोमध्ये निघा.

राखीव बेल्ट सोबत हवाच, टूलसकट. फक्त तो सीटखाली घडी मारून कोंबू नका. मुडपलेल्या जागी आतल्या दोऱ्या दुखावतात आणि बेल्ट पुढे तिथूनच जातो.