'साहित्यातली लैंगिकता' कशी शिकवावी: दादरच्या कार्यशाळेविषयी

मराठीच्या प्राध्यापकांसाठी दादरला झालेली ही एक दिवसाची कार्यशाळा सकाळच्या सत्रासाठी जरूर करावी. दुपारच्या कायद्याच्या सत्राबद्दल तसं म्हणवत नाही.

सुरुवात शब्दांपासून झाली, आणि तेच बरोबर आहे. वर्गात हशा पिकतो तो बहुतेकदा विषयाला नाही, शब्दाला. म्हणून उतारा वाटण्याआधी फळ्यावर लिहायचं: संभोग, समागम, शरीरसंबंध, शृंगार, सेक्स. यातला डॉक्टरांचा कुठला, कोर्टाचा कुठला, कवितेतला कुठला, कट्ट्यावरचा कुठला, एवढंच विचारायचं. दहा मिनिटांत मुलांच्या तोंडी शब्द रुळतात. हे गाळलं की मुलं इंग्रजीत शिरतात आणि मराठी ओळ बाजूलाच राहते.

नमुन्याला 'गाथासप्तशती', म्हणजे हाल राजाच्या नावाचा प्राकृत गाथांचा जुना संग्रह, होती. निवड फार चांगली. गाथा दोन ओळींची, ५० मिनिटांच्या तासात आरामात मावते. शिवाय कितीतरी गाथांत बाई स्वतः बोलते, तेही सूचकपणे. वाचायची शिक्षकानेच. एखाद्या मुलीला उभं करून वाचायला लावलं तर वर्ग कागदाकडे नाही, तिच्याकडे बघतो. पहिला प्रश्न: कोण बोलतंय, कुणाशी, आणि आडून कोण ऐकतंय? 'तुम्हाला काय वाटतं?' ने सुरुवात केली तर चर्चा मुलांच्या खासगी आयुष्यात घुसते.

प्रश्नांच्या चिठ्ठ्यांची पद्धतही नीट बसवलेली आहे. सगळ्यांना सारखे कागद, सगळ्यांनी लिहायचंच; प्रश्न नसेल त्याने गाथेतली एक ओळ उतरवायची. नाहीतर कोण लिहितंय ते शेजाऱ्याला कळतं. इथे लैंगिक शिक्षणासाठी झटणाऱ्या र. धों. कर्व्यांची आठवण व्हायला हवी होती. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर मुंबईत खटला चालला आणि बचावाला डॉ. आंबेडकर उभे राहिले.

कायद्याच्या सत्रात चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' कादंबरीवरच्या खटल्याचा निकाल सविस्तर होता. १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकातली ही कादंबरी सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली अश्लील ठरवली नाही. पण वाटलेल्या टिपणात अश्लीलतेसाठी अजून जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९२च छापलेलं. १ जुलै २०२४ पासून त्याजागी भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ लागू आहे.

याहून गंभीर म्हणजे पॉक्सोचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा, उल्लेखच नाही. मुंबईत अकरावी-बारावी बहुधा सीनियर कॉलेजच्याच इमारतीत भरते, आणि एफवायला काही मुलं अठराच्या आतली असतात. अशा चर्चेनंतर एखादी मुलगी अत्याचाराबद्दल बोलली आणि ती अल्पवयीन असेल, तर पोलिसांना कळवणं शिक्षकावर कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द आधी देऊच नये. शेवटी तो मोडावा लागतो आणि तिचा विश्वास जातो. यासाठी निदान अर्धा तास हवाच होता.

जाणाऱ्यांनी आपल्या अभ्यासक्रमातला पंधरा ओळींचा उतारा सोबत न्यावा. शेवटच्या तासात त्यावर प्रश्न बांधून मिळतात.