ॲस्टरिस्कचा व्हॉइसमेल डेटाबेसमध्ये ठेवावा का?

एक ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, दुसरं महापे एमआयडीसीत, दोन्हीकडे ॲस्टरिस्क (ऑफिसचं फोन एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर), आणि माणसं आज इथे तर उद्या तिथे. अशा ठिकाणी ॲस्टरिस्कची ओडीबीसी (डेटाबेसशी बोलायची सामायिक पद्धत) साठवण खरंच कामाची आहे. संदेश डिस्कवर न राहता दोघांच्या एकाच डेटाबेसच्या टेबलात जातो आणि कुठल्याही ऑफिसातून ऐकता येतो. एकच सर्व्हर असेल तर या भानगडीत पडू नका, फाइलींवर छान चालतं.

आधी ओडीबीसीची जोडणी ‘आयएसक्यूएल’ या कमांडने तपासा, मगच ॲस्टरिस्कच्या फाइलींना हात लावा. नाहीतर दोष ड्रायव्हरचा की ॲस्टरिस्कचा, हे शोधण्यात दिवस जातो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती रेकॉर्डिंगच्या कॉलमवर. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये साधा ‘ब्लॉब’ (आवाजासारखा बायनरी डेटा ठेवायचा कॉलम) 65,535 बाइटचा. साधी वेव्ह फाइल सेकंदाला 16,000 बाइट खाते, म्हणजे ‘हॅलो, मी घोडबंदर रोडवरून बोलतोय’ म्हणेपर्यंत जागा संपली. स्ट्रिक्ट मोड (मर्यादेबाहेरचा डेटा नाकारणारी सेटिंग) असेल तर संदेश जतनच होत नाही, नसेल तर तुटका राहतो. त्याचा मोठा प्रकार ‘लाँगब्लॉब’च घ्या. शिवाय टेबलात सेटिंगच्या यादीतला फक्त पहिला फॉरमॅट जातो, म्हणून ‘वेव्ह49’ (दाबून लहान केलेली वेव्ह) सगळ्यात आधी लिहा: मिनिटाला 960 ऐवजी जेमतेम 98 केबी.

दुसरी खोच ‘डिर’ कॉलमची. त्यात मेलबॉक्सचा पूर्ण पाथ असतो, तेव्हा दोन्ही सर्व्हरवर स्पूल फोल्डर (व्हॉइसमेलचा मूळ फोल्डर) एकाच जागी हवा. तो वेगळा असला की ठाण्याचा संदेश महापेला दिसतच नाही, आणि एररही येत नाही. फोनचा नव्या संदेशाचा दिवा लागत नसेल तर ‘पोलमेलबॉक्सेस’ ही मेलबॉक्स ठरावीक वेळाने तपासणारी सेटिंग चालू करा. दुसऱ्या सर्व्हरवर संदेश आलाय हे एरवी या सर्व्हरला कळणार कसं?

जुने संदेश स्क्रिप्टने उडवताना संदेश क्रमांक -1 असलेल्या ओळी सोडा. ती लोकांची स्वागतवाक्यं असतात. आधी डिस्कवर पडलेले संदेश मात्र आपोआप टेबलात येत नाहीत, ते वेगळे चढवावे लागतात.

उणीव एकच, पण मोठी: कुणी रस्ता खोदला आणि दोन ऑफिसांमधली लाइन गेली, की डेटाबेस नसलेल्या बाजूचा व्हॉइसमेल बंद. फोन वाजतात, संदेश ठेवता येत नाही. तेव्हा जिथे जास्त फोन येतात तिथेच डेटाबेस ठेवा.