कोडिंगसाठी उबंटू डेस्कटॉप: हिवाळा, उन्हाळा आणि पहिला पावसाळा वापरून

मशीन साधंच आहे. रायझन 5 5600जी, 8-8 जीबीच्या दोन रॅम पट्ट्या, 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, 600 व्हीएचा यूपीएस (लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा) आणि वर उबंटू 24.04 एलटीएस. प्रोसेसरची माहिती सगळीकडे मिळते, ती उगाळत नाही. लिहायचं कारण यूपीएस आहे. नाशिकमध्ये डेव्हलपमेंटसाठी लिनक्स मशीन लावणार असाल तर रॅमवर जास्तीचे पैसे घालण्याआधी डेटा पोर्टवाला, म्हणजे वायरीवरून मशीनला बॅटरीची स्थिती कळवणारा यूपीएस घ्या, आणि लाईट गेल्यावर मशीन आपोआप नीट बंद होईल अशी सोय करा. हे माझं ठाम मत आहे, आणि ते वळवाच्या पावसाने बनवलंय.

वळवात लाईट एकदाच जात नाही. जाते, दोन सेकंदांत येते, पुन्हा जाते. यूपीएस तेवढं सांभाळतो, पण नंतर तासभर लाईट आली नाही आणि मशीनसमोर कोणी नसेल तर बॅटरी संपते आणि मशीन धाडकन बंद पडतं. पुढच्या वेळी रेपोमध्ये (प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, सांगतं की ऑब्जेक्ट फाईल रिकामी आहे, लूझ ऑब्जेक्ट (गिटची सुटी साठवलेली नोंद) करप्ट आहे. शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) जागेवर दिसतो, पण त्याची फाईल शून्य बाइटची असते.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ईएक्सटी4 ही उबंटूची फाईल सिस्टिम नवीन फाईलचा डेटा लगेच डिस्कवर लिहीत नाही, तो काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत मेमरीत राहतो. जुन्या फाईलवर नवीन फाईल रिनेम केली तर ईएक्सटी4 स्वतःहून डेटा आधी उतरवतं. गिटचं ऑब्जेक्ट मात्र नेहमी नव्या नावाने तयार होतं, त्यामुळे ते संरक्षण त्याला मिळत नाही. शिवाय लिनक्सवर गिट लूझ ऑब्जेक्टना मुळात एफसिंक करत नाही, म्हणजे डेटा लगेच डिस्कवर उतरवायला लावत नाही, वेग जातो म्हणून. त्याच मशीनवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसला काहीही झालं नाही, कारण त्याचं एफसिंक चालू असतं आणि सुरू होताना तो वॉल (बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंद) वाचून सावरतो. टेस्ट पटापट चालाव्यात म्हणून कोणी पोस्टग्रेसचं एफसिंक बंद ठेवलं असेल तर डम्पशिवाय (डेटाबेसच्या बॅकअपशिवाय) गत्यंतर नाही.

उपाय: आधी अख्ख्या रेपोची कॉपी काढून ठेवा. मग गिटच्या ऑब्जेक्ट्स फोल्डरमधल्या शून्य आकाराच्या फाईली काढून टाका आणि एफएससीके फुल (गिटची पूर्ण तपासणी) चालवा. लॉग्जमधल्या हेड फाईलमध्ये शेवटचा धड कमिट शोधा, ब्रँच गिटच्या अपडेट-रेफ कमांडने तिथे आणा, इंडेक्स फाईल काढून साधा रिसेट करा. हार्ड रिसेट करू नका, नाहीतर कामाच्या फाईलीही जातील.

हे पुन्हा होऊ नये म्हणून गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये कोअर डॉट एफसिंकला कमिटेड ही किंमत द्या. गिट 2.36 पासून ही सोय आहे. हजारो फाईली एकदम अ‍ॅड केल्या तर थांबावं लागतं, रोजच्या कमिटला फरक कळत नाही. एफसिंकच्या बॅच पद्धतीचा (अनेक फाईली एकत्र उतरवण्याचा) मोह टाळा. तिच्या भरवशाबद्दल गिटच्या माहितीत मॅक आणि विंडोजच्या फाईल सिस्टिमची नावं आहेत, ईएक्सटी4 चं नाही.

आता खरा राग. पहिल्या यूपीएसच्या खोक्यावर यूएसबी छापलेलं होतं. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने सांगितलं, डेटा जातो. प्रत्यक्षात ते पोर्ट मोबाईल चार्ज करण्यापुरतं निघालं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर, आमचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे. अहो, वायरमध्ये डेटाच नाही तिथे विंडोज तरी काय करणार! फरकाचे पैसे भरून दुसरा घ्यावा लागला, आणि ते पैसे अजून खुपतात. दुकानातच पेन ड्राइव्हवरून उबंटू चालू करा, वायर लावा आणि एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) चालवून बघा. नवीन ओळ दिसली नाही तर बिल करू नका.

यूपीएसवर लक्ष ठेवणारं नट हे पॅकेज टाका. ते मुळात बंद असतं, नट डॉट कॉन्फमध्ये मोड स्टँडअलोन करा. नट-स्कॅनर ड्रायव्हर सांगतो, स्वस्त यूपीएसला बहुतेक नटड्रायव्ह-क्यूएक्स लागतो. परवानगी नाही असा एरर आला तर वायर काढून परत लावा, कारण यूडेव्हचा (उपकरणांना परवानग्या देणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम जोडतानाच लागू होतो.

इथेच बहुतेकांचं अडतं. स्वस्त यूपीएस बॅटरी कमी असल्याचा इशारा फार उशिरा देतो, बॅटरी जुनी असेल तर देतच नाही. त्यावर विसंबू नका, वेळ मोजा. नटच्या यूपीएसशेड डॉट कॉन्फमध्ये ऑनबॅट (लाईट गेली) आल्यावर 120 सेकंदांचा टायमर सुरू आणि ऑनलाईन (लाईट आली) आल्यावर रद्द, अशा एटीने सुरू होणाऱ्या दोन ओळी लिहा. टायमर संपला की स्क्रिप्टने यूपीएसमॉनला (नटच्या मशीन बंद करणाऱ्या भागाला) एफएसडी, म्हणजे सक्तीने बंद करण्याचा आदेश द्यायचा. पाईप आणि लॉकच्या ओळी आधी # लावून बंद असतात, त्या उघडून एटीच्या ओळींच्या वर ठेवा. यूपीएसमॉनमध्ये नोटिफायफ्लॅगला एक्झेक जोडायचं राहिलं तर सगळं बरोबर लिहूनही काहीच घडत नाही. 120 सेकंदच का? उबंटूच्या सर्व्हिस चालू-बंद करणारी सिस्टिमडी, मशीन बंद होताना अडलेल्या सर्व्हिसला 90 सेकंद देते. दोन्ही मिळून साडेतीन मिनिटं, म्हणजे बॅटरीने पाच मिनिटं तरी तग धरला पाहिजे.

बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर ये-जा करणाऱ्या लाईटबरोबर मशीनही बूट होत राहतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर काही यूपीएस मान्यच करत नाहीत आणि बॅटरीवरच राहतात. नटच्या यूपीएससी कमांडमध्ये स्टेटस ओबीवरून (बॅटरीवर) ओएलवर (लाईटवर) येतं का, ते बघा.

बाकीचं लवकर सांगतो. 5600जीचे ग्राफिक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरवर चालतात, वेगळं काही टाकावं लागलं नाही. जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आप्टमधून (उबंटूच्या पॅकेज साठ्यातून) घेऊ नका, तिथे 18 आहे आणि त्याची मुदत एप्रिल 2025 मध्ये संपली. नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं एनव्हीएम वापरा. पायथनला प्रत्येक प्रोजेक्टचं वेगळं व्हेन्व्ह (लायब्ररींचं स्वतंत्र फोल्डर). डिस्कवर जागा असताना ‘जागा नाही’ असा एरर फाईल वॉचरकडून (फाईलींमधले बदल टिपणाऱ्या साधनाकडून) आला तर आयनोटिफायची, म्हणजे किती फाईलींवर लक्ष ठेवता येतं त्याची मर्यादा 524288 करा. डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाच्या) लॉगला मुळात मर्यादा नसते. डेमन डॉट जेसनमध्ये 10 एमबीच्या तीन फाईली ठरवून द्या, आणि जुने कंटेनर नव्याने बनवा, त्यांना ही सेटिंग आपोआप लागत नाही. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीतला मराठी कागापा फोनेटिक पुरतो. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून मराठी आउटपुट फाईलमध्ये काढून एडिटरमध्ये तपासा.

रॅमबद्दल मत दोनदा बदललं. हिवाळ्यात 16 जीबी भरपूर वाटली. अँड्रॉइड एम्युलेटर आणि डॉकर एकत्र चालू झाल्यावर मेमरी संपत आली की प्रोग्रॅम बंद करणारा सिस्टिमडी-ऊमडी अख्खा ब्राउझरच बंद करू लागला, तेव्हा 32 शिवाय चालणार नाही असं वाटलं. मग रॅममधलाच डेटा दाबून बसवणारं झेडरॅम-टूल्स टाकलं, दाबण्याची पद्धत झेडएसटीडी आणि आकार रॅमच्या 50 टक्के ठेवला, आणि त्रास जवळपास थांबला. वेबचं काम असेल तर 16 वर निभावतं. एम्युलेटर रोजचा असेल तर मात्र 32 च घ्या.

सगळं लावून झालं की काम सेव्ह करून, 120 सेकंदांचा टायमर तात्पुरता थांबवून भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावून बघा. कंपाइल चालू असताना बघा, मोकळ्या मशीनचा वेळ फसवा असतो. मॉनिटर यूपीएसवर चालेल, लेझर प्रिंटर अजिबात नको. दर तीन महिन्यांनी हेच करा. बॅटरीचा वेळ पाच मिनिटांच्या खाली आला की आतली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी बदला. चार स्क्रू आणि दोन वायरींचं काम आहे, त्यासाठी नवा यूपीएस घेऊ नका.